जरा अंधुक आहे

९ जानेवारी

ढापणे,

अक्षर ओळखलंस ना? ओळखलं असशील तर लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. माझी तक्रार नाही.

पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. ती द्यायला तयारच नव्हती. "माय-लेकींच्या भांडणात मला ओढू नका, भावोजी," असं चांगलं तोंडावर म्हणाली. मी नुसता बसून राहिलो. चहा झाला, बिस्किटं झाली, तिच्या नवऱ्याने पेपर वाचून संपवला, तरी मी आपला बसलेलो. शेवटी तिने कंटाळून दिला. फोन तू उचलणार नाहीस हे आता माझ्या ध्यानात आलं आहे. मला जरा उशिराच कळतं, हे तुला मी सांगायला नको.

हे पत्र तुझ्या आईने लिहायला लावलेलं नाही. तिला ठाऊकही नाही. ती आत्ता माझ्यासमोर काउंटरवर बसून फ्रेमा पुसते आहे. पुसलेल्याच पुन्हा पुसते आहे, पण असू दे. दुकान चकाचक दिसतं, आणि ती हाताशी असते.

लिहायचं कारण असं की तिला हल्ली अंधुक होतं. काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण घाबरू नकोस. गेल्या वर्षी सुरू झालं. मला वाटलं, नंबर वाढला. चष्मेवाल्याची बायको, तिला काय तोटा! नवी काच घालून दिली. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा, "अहो, अंधुक वाटतंय." पुन्हा नंबर काढला, तर नंबर जिथल्या तिथे. मी म्हटलं, हिला तक्ता पाठ झाला असणार, इतकी वर्षं नाकासमोर टांगलाय. म्हणून तक्ता आरशातून उलटा दाखवला. शेवटची बारीक ओळसुद्धा बाईसाहेबांनी घडाघडा वाचली. तरी म्हणते अंधुक. फ्रेम बदलली, काच बदलली, दुकानातली ट्यूबसुद्धा बदलली. आता बदलायचा राहिलो आहे तो मी.

तुझी आठवण काढते. हे मी तुला बोलवायचं म्हणून सांगत नाही, खरंच काढते. परवा संध्याकाळी दाराकडे बघत म्हणाली, "ढापणी अजून आली नाही का हो?" मी म्हटलं, येईल.

तर एकदा येऊन जा. त्या दिवशी जिन्यात ती जे बोलली ते बोलायला नको होतं. आणि मी जे बोललो नाही ते बोलायला हवं होतं. पण तो विषय समोरासमोर काढू. पत्रात मला ते जमत नाही.

आशीर्वाद सोबत पाठवतो आहे. घ्यायचे की परत करायचे ते तू ठरव.

बाबा


२० फेब्रुवारी

ढापणे,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुझ्या हाती पडलं आहे, असं मी धरून चालतो. गिऱ्हाईक दुकानात शिरून काही न बोलता फ्रेमा बघत उभं राहिलं, तर मी त्याला कधी हटकत नाही. बघू द्यावं.

तू कॉलेजात असताना माझ्यावर एकदा फार चिडली होतीस. "बाबा, तुम्ही काहीच स्पष्ट का सांगत नाही?" मी म्हटलं होतं, "स्पष्ट दाखवणं हा आपला धंदा. स्पष्ट सांगणं हा नव्हे." तुला हसू आलं नाही. मला मात्र ते फार हुशारीचं वाटलं होतं, गिऱ्हाइकांना कितीतरी वेळा ऐकवलं.

पण खरंच सांगतो, मी आजवर एकाही माणसाला "तुमचे डोळे गेलेत" असं म्हटलेलं नाही. मी म्हणतो, "जरा अंधुक आहे, इतकंच." या एका शब्दावर दुकान चाललं. मोतीबिंदू पिकून आलेले आजोबा, त्यांना अंधुक. अभ्यास नको म्हणून डोकं धरून बसलेलं पोर, त्यालाही अंधुक. एक बाई यायच्या, त्यांना वाचताच येत नव्हतं. चारचौघांत ते सांगायची लाज वाटायची म्हणून तक्त्यासमोर बसून म्हणायच्या, काही दिसत नाही. मी त्यांना "जरा अंधुक आहे" म्हणायचो आणि हळूच चित्रांचा तक्ता काढायचो. सगळे हसतमुखाने घरी जायचे. अंधुक म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही. दिसतंय असंही म्हणता येतं आणि दिसत नाही असंही.

असो. तुझ्या आईला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी थेंब घालून, दिवा मारून, नीट तपासलं. म्हणाल्या, पडदा उत्तम, मोतीबिंदूचा मागमूस नाही, या वयात इतके चांगले डोळे मी बघितले नाहीत. मग त्यांनी तिला थोडा वेळ बोलतं केलं आणि मला बाजूला घेऊन आणखी एका डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांच्याकडेही जाऊन आलो. ते गृहस्थ डोळ्यांत बघतच नाहीत. गप्पा मारतात. आज वार कोणता, तुमच्या घराला खिडक्या किती, एक घड्याळ काढून दाखवा. तुझ्या आईने घड्याळ काढलं. सगळे आकडे एकाच बाजूला गोळा झाले होते, डावीकडे कुणी नाही. मी शेजारच्या घड्याळवाल्यांना ते दाखवलं, वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

डॉक्टर बरंच काही म्हणाले. थोडक्यात सांगायचं तर अंधुक आहे, आणि वाढत जाणार. म्हणून म्हणतो, फार उशीर करू नकोस.

बाबा


१७ मार्च

ढापणे!

कार्ड मिळालं. माझ्याकडून नुसतं पत्त्यावरचं अक्षर बघून काउंटरवरचा काचांचा डबा सांडला. घड्याळवाले धावत आले, त्यांना वाटलं मी पडलो. आम्ही दोघं मिळून काचा गोळा केल्या.

तू फक्त दोन गोष्टी विचारल्या आहेस. आईला मी खरंच यायला हवी आहे का. आणि, मी आले तर तिला ओळखता येईल का, कितपत दिसतं तिला.

पहिल्याचं उत्तर, हो. दुसऱ्याचंही हो. लांबून कदाचित गोंधळेल. तू जवळ जा, उजेडात उभी राहा, खिडकीपाशी वगैरे, आणि हाक मार. ओळखेल. आई आहे ती तुझी. तिने तुला ओळखलं नाही असं व्हायचं नाही.

तू लिहिलं आहेस की तिने आधी माफी मागावी अशी तुझी अट आता राहिलेली नाही, पण ती जिन्यातलं वाक्य पुन्हा बोलली तर मात्र तू उभीसुद्धा राहणार नाहीस. बरोबर आहे तुझं. नवऱ्याचं घर सोडून रडत आलेल्या मुलीला आईने जिन्यातच "नांदायचं नसेल तर मला मुलगी नाही" असं सांगावं, हे कुणाही मुलीने विसरू नये. पण बेटा, ती आता ते बोलणार नाही. याची खात्री मी देतो. तो विषयच तिच्या डोक्यात राहिलेला नाही. तुला वाटेल मी सारवासारव करतो आहे. या वेळी तसं नाही.

कधी येणार ते कळव, म्हणजे मी दुकान बंद ठेवीन. वरच्या खोलीतले खोके काढायला घेतले आहेत. तुझी अभ्यासाची खुर्ची खोक्यांच्या मागे सापडली. एक पाय हलतो. तो आज बसवून घेतो.

तू येते आहेस असं मी आईला सांगितलं. तिला फार आनंद झाला. मग थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं, पुन्हा तितकाच झाला.

तुझा बाबा


११ एप्रिल

ढापणे,

तुझी चिठ्ठी मिळाली. "मी येऊन गेले. जवळ उभी राहिले, उजेडात, तुम्ही सांगितलंत तशी. तिला माझ्या नाकावरचा तीळसुद्धा दिसत होता. तिने मला अहो-जाहो केलं. पुरे झालं." इतकंच लिहिलं आहेस. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की आता कागद बघावा लागत नाही.

तू न कळवता आलीस. मी काचा घासून देणाऱ्याकडे गेलो होतो. तिला एकटी ठेवत नाही मी, पण घड्याळवाले शेजारी असतात, लक्ष ठेवतात, म्हणून जरा वेळ गेलो. पुढचं सगळं मला त्यांनी सांगितलं. मी त्यांना ते पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, शेवटी ते म्हणाले, "मालक, आता पुरे करा."

तू दारातून म्हणालीस, "आई, मी आले." ती म्हणाली, "या, बसा. नंबर काढायचाय की नुसती फ्रेम?" तू जवळ गेलीस. "अगं आई, मी!" ती म्हणाली, "हो हो, बसा तर खरं. नाकावर तीळ आहे तुमच्या, फ्रेम हलकीच बघू. पाणी देऊ का?" तू म्हणालीस, "ओळखत नाहीस मला?" ती म्हणाली, "गिऱ्हाइकं फार येतात हो, सगळी लक्षात नाही राहत. रागावू नका." मग तू म्हणालीस, "मी तुझी मुलगी आहे." आणि ती हसून म्हणाली, "मला मुलगी नाही हो..."

तिथे तू वळलीस आणि बाहेर पडलीस. घड्याळवाल्यांनी हाक मारली, तू थांबली नाहीस.

बाळा, तिचं वाक्य संपलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मला मुलगी नाही हो एवढी मोठी." तू पायरी उतरत होतीस तेव्हा तिने ते शेवटचे दोन शब्द उच्चारले. घड्याळवाल्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. एवढी मोठी नाही. तिला मुलगी आहे. ती शाळेत आहे, तिला चष्मा आहे, ती संध्याकाळी घरी येते. रोज तीच येत नाही म्हणून ही दाराकडे बघत बसते. तू सहा-सात वर्षांची आहेस तिच्या लेखी. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, ढापणी आली नाही का म्हणून विचारते. मी तेव्हा ते अर्धंच लिहिलं. पुढे ती म्हणाली होती, "शाळा सुटून किती वेळ झाला."

तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. आता मी हे स्पष्ट लिहितो. तुझ्या आईला विसरण्याचा आजार झाला आहे. तो बरा होत नाही. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच मला त्याचं नाव सांगितलं होतं, कागदावर लिहूनसुद्धा दिलं होतं. तुझा तीळ तिला दिसला. तू कोण आहेस ते तिला कळलं नाही.

तू म्हणशील, मग अंधुक अंधुक काय लावलं होतं. या वेळी तो शब्द आधी तिने काढला, मी नाही. पहिल्यांदा ती म्हणाली, तेव्हा मी काउंटरवर नोझपॅड बसवत होतो. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मला सगळं अंधुक होत चाललंय." आणि मी काय केलं असेन? तिला खुर्चीत बसवलं आणि ट्रायल फ्रेम चढवली. ती म्हणाली, "अहो, तसं नाही." मी म्हटलं, "बोलू नकोस, हनुवटी वर कर. हे चांगलं की हे?" ती म्हणाली, दोन्ही सारखंच. मी काचा बदलत राहिलो. "आता हे की हे?" ती आपली शहाण्यासारखी उत्तरं देत राहिली, मला बरं वाटावं म्हणून. शिंप्याच्या बायकोने असं म्हटलं असतं तर त्याने निदान विचारलं असतं, काय अंधुक होतंय? मी चष्मेवाला. मला अंधुक म्हटलं की काच दिसते.

नंतर कळलं की ती सगळ्यालाच अंधुक म्हणते. बहिणीचं घर कुठल्या रस्त्याला, ते अंधुक आहे. तुझं लग्न कधी झालं, जरा अंधुक आहे. तू घर सोडून आलीस, ती काय बोलली, तू कशी गेलीस, ते तर तिला अंधुकही नाही, ते पार गेलं. म्हणून मी तुला खात्री दिली की ती ते वाक्य पुन्हा बोलणार नाही. देव जाणे, मी खरं तेच सांगत होतो.

खरं सगळं का लिहिलं नाही? मला भीती वाटली. मला वाटलं, हे कळलं की तू म्हणशील, जिला काही आठवतच नाही तिच्याकडे मी कशाला येऊ. आणि मनात कुठेतरी असं होतं की तू समोर उभी राहिलीस की तिला आठवेल. डॉक्टर काही म्हणोत. मी आशा धरली आणि तुला ती माहिती म्हणून कळवली.

पुन्हा ये. मी तुझ्याजवळ उभा राहीन, आधी तिला सांगीन, मग तुला आत घेईन. ती अजून तुला पार विसरलेली नाही, चुकीच्या वयात आठवते आहे इतकंच. डॉक्टर म्हणाले, हेही फार टिकणार नाही. आत्ता ये.

बाबा


२३ मे

ढापणे,

ते पत्र तू न उघडता परत पाठवलंस. पोस्टमन माझ्या हातात देताना माझ्याकडे बघत नव्हता. मी ते मावशीकडे नेलं, तिने तुला फोन लावून वाचून दाखवलं. मी खोलीतच होतो. तुझा आवाज ऐकू येत नव्हता, मावशीचं नुसतं "हं, हं" येत होतं.

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाली, "राग मानू नका भावोजी, ती काय म्हणते तेच सांगते. म्हणते, आधी डोळे म्हणाले, आता डोकं म्हणतात, उद्या आणखी काही म्हणतील. ते 'एवढी मोठी' बाबांनीच मागून चिकटवलंय. त्यांना सगळ्यांचं सगळं गोड करायची खोडच आहे."

मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. मावशीने वाचला, परत दिला. ती म्हणाली, "मी वाचला हो. पण तिला वाटतंय की ताईने तिला मुद्दाम परकं केलं आणि तुम्ही त्यावर पांघरूण घालताय. आणि खरं सांगू? तुम्ही आजवर तेच तर करत आलात."

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं आणि ते खोटं ठरलं. तुझी चूक नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

पण तिची एक गोष्ट तुला सांगायची आहे. ही मी चिकटवलेली नाही. तू येऊन गेलीस त्यानंतर ती मला रोज विचारत होती, "ती बाई पुन्हा आली का हो?" कोण बाई? "ती नाही का, चष्मा न घेता गेली. फार रडवेली झाली होती. मी तिला बसा म्हटलं, पाणी देऊ का म्हटलं, थांबलीच नाही." एकदा म्हणाली, "तिच्या घरी कुणी नाही वाटतं. तुम्ही असता तर तिला हसवलं असतंत." दुपारच्या जेवणानंतर काउंटरवर बसली की रस्त्यावरच्या बायका न्याहाळायची. आणि एक फ्रेम तिने बाजूला काढून ठेवली होती, बारीक काडीची, तपकिरी. म्हणायची, ही तिच्या चेहऱ्याला शोभेल. खरंच शोभली असती. फ्रेम निवडण्यात तिचा हात कुणी धरला नाही कधी.

म्हणून मला सुचलं ते लिहितो. मुलगी म्हणून येऊ नकोस. गिऱ्हाईक म्हणून ये. ती तुला बसवेल, अहो-जाहो करेल, फ्रेम लावून बघेल, कानामागे काडी नीट बसवेल. तेवढ्यात तिचे हात तरी तुझ्या चेहऱ्याला लागतील. मी मध्ये काही बोलणार नाही. नुसती बसून जा.

एवढं लिहिलं आणि मग कालचं आठवलं. काल मी म्हटलं, ती बाई अजून आली नाही बरं का. ती म्हणाली, "कुठली बाई?" फ्रेम तिने पुसून पुन्हा शोकेसमध्ये लावून टाकली होती.

हे पत्र मी मावशीकडे देत नाही, पोस्टानेच टाकतो. परत आलं तर येऊ दे.

बाबा


५ जुलै

बाळा,

तुझं पत्र काल आलं. मावशी इथे येऊन गेली, दिवसभर बसली, आईने तिला वहिनी म्हणून हाक मारली, मावशीने तुला ते सांगितलं आणि तुला पटलं, हे सगळं वाचलं. तू माझी माफी मागितली आहेस. ती परत घे. मला ती कुठे ठेवायची कळत नाही.

तू विचारलं आहेस, मी रविवारी आले तर आई ओळखेल का? एकदाच, एक क्षणभर तरी?

नाही.

जून सुरू झाला आणि तिने शाळा सुटल्याचं विचारणं बंद केलं. मला आधी बरं वाटलं, म्हटलं, आज चैन पडली हिला. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. मग मी मुद्दाम म्हटलं, "ढापणी आली नाही अजून." तिने माझ्याकडे बघितलं आणि सभ्यपणे विचारलं, "कोण?" मी तुझा शाळेतला फोटो दाखवला, तो जाड भिंगांचा, एक वेणी सुटलेला. ती म्हणाली, "गोड आहे. कुणाची?" तेव्हापासून दोन-तीनदा दाखवला. आता नाही दाखवत. तिला कळतं की आपल्याला काहीतरी यायला हवं होतं आणि येत नाही, मग ती घाबरते.

तू एप्रिलमध्ये आलीस तेव्हा तिच्याकडे एक मुलगी होती. लहान होती, पण होती. मी खरं लिहिलं असतं, तर तू आपण कोण ते न सांगता तिच्याशेजारी बसली असतीस आणि तिच्या तोंडून त्या मुलीचं कौतुक ऐकलं असतंस. ती तासन्‌तास सांगायची. चष्मा लागला तेव्हा रस्त्यातल्या झाडाला पानं आहेत हे पहिल्यांदा बघून ती पोर कशी ओरडली, ते सांगताना ती रडायची. ते तुला ऐकायला मिळालं नाही, आणि आता मिळणार नाही. ते माझ्या एका शब्दाने गेलं. हे लिहून मला हलकं वाटत नाही. मला वाटलं होतं वाटेल.

ती शांत असते. जेवते. मला ती दुकानदार म्हणते. काल माझी बाही धरून म्हणाली, "अहो दुकानदार, माझे मिस्टर न्यायला येतायत. ते आले की मला सांगा हं, मी जरा पाठ टेकते." मी म्हटलं, सांगतो. ती उठून आत गेली, मी काउंटरवर बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं, त्याचा नंबर काढला. तो विचारत होता, फार खराब आहे का हो? मला त्याला काय सांगावं तेच सुचेना.

इथे मी लिहिलं होतं की यायचं की नाही हे सर्वस्वी तू ठरव, तुझ्या सोयीने, जमेल तसं. ते खोडलं आहे, खालचं अक्षर दिसत असेल. पुन्हा तेच करायला निघालो होतो.

रविवारी ये. तिच्यासाठी येऊ नकोस, तू आलीस काय आणि न आलीस काय, तिला आता सारखंच आहे. माझ्यासाठी ये. या घरात मला ओळखणारं कुणी राहिलेलं नाही.

बाबा